बुचाच्या रानात

लिस्बनहून एव्होराला निघालात की बसच्या खिडकीतून अर्धवट सोललेली झाडं दिसायला लागतात. विटकरी, उघडी खोडं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा. ४ म्हणजे साल काढली २०२४ साली, आता थेट २०३३! पोर्तुगालमध्ये ९ वर्षांच्या आत पुन्हा कुऱ्हाड लावायला कायद्यानेच बंदी आहे. (आपल्या पुण्यातलं पांढऱ्या, घमघमणाऱ्या फुलांचं बूच वेगळं हं. हा ओक.) पहिली साल निघते झाड २५ वर्षांचं झाल्यावर, तीही ओबडधोबड. वाइनच्या बाटलीला चालेल असं बूच तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. आजोबांनी लावायचं, नातवाने विकायचं!

एव्होराच्या दुकानांत बुचाच्या पर्सेस, छत्र्या, काय वाट्टेल ते मिळतं. मी घेतल्या बोटभर जाडीच्या गोल चकत्या. बुचाच्या इवल्याशा बंद कप्प्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून गॅसवरून उतरवलेला कुकर थेट टेकवला तरी टेबलाच्या पॉलिशला धग पोचत नाही. प्लॅस्टिकच्या मॅटसारखं हे वितळतही नाही. फक्त सिंकमध्ये भिजत टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दुकानदारीणबाईंना काळजी स्क्रूच्या टोपणांची. वाइनवाले तिकडे वळले, तर ही झाडं कोण राखणार? दोन घ्यायच्या होत्या, सहा घेतल्या.