पुन्हां बटाटाच कां?

"पुन्हां बटाटाच कां?" हा प्रश्न आम्हीं आईस कितीदां विचारला असेल, त्याची गणती नाहीं.

गेल्या श्रावणांत ती तापानें अंथरुणास खिळली. भाकरी शेजारच्या काकू देत. तोंडीलावण्याचा भार आम्हां तिघां भावंडांवर आला. बटाट्याच्या काचऱ्या त्या काय, असें म्हणून आम्हीं विळी पुढें ओढली. पातळ काचऱ्या करपल्या, जाड कच्च्या राहिल्या. शिवाय मीठ तिघांनींहि घातलें! वडील एक अक्षर न बोलतां जेवले. ते रागावते तर बरें होतें.

दुसऱ्या दिवशीं आईनें अंथरुणावरूनच धडा दिला : हिरवा पडलेला बटाटा घेऊं नये, तो बाधतो, काचऱ्या सारख्या चिराव्या व लागलीच पाण्यांत टाकाव्या, नाहींतर हवा लागून त्या काळ्या पडतात, फोडणींत टाकण्यापूर्वीं मात्र निथळून घ्याव्या, मोहरी तडतडल्यावर हिंग-हळद घालावी, वर ताटलींत पाणी ठेवून मंद आंचेवर वाफ आणावी. एवढ्या साध्या भाजीस एवढें अवधान लागतें, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

चौथ्या दिवशीं ताप उतरला. आईनें आमची भाजी दोनदां मागून घेतली व हंसून म्हणाली, "आज मीठ एकाच्याच हातचें दिसतें." वडिलांनींहि ताट पुढें केलें.

घरीं बटाटा अजून वारंवार होतोच. परंतु तो जुना प्रश्न आम्हीं पुन्हां विचारला नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस विळीवर आतां आमची पाळी असते.