पुस्तकाला नाव एकीचंच

गेल्या शनिवारी आईबरोबर कर्जतहून खोपोलीला गेले. काम काय, तर एक पुस्तक परत आणायचं होतं. खरं काम भांडण मिटवायचं होतं, पण ते दोघींपैकी एकही कबूल करणार नाही.

दोघी म्हणजे आई आणि खोपोलीची मावशी. ही मावशी नात्यातली नव्हे. कर्जतच्या शाळेत पाचवीपासून दोघी एका बाकावर. पुढे आईचं सासर गावातच मिळालं आणि मावशीचं खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात. अंतर जेमतेम १५ किलोमीटर. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. पण गाडी चुकली की बसा स्टेशनवर वडापाव खात. इतक्या वर्षांत या दोघी साडीवरून, भिशीवरून, मुलांच्या मार्कांवरून भांडल्या असतील, पण कादंबरीवरून भांडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि ती कादंबरी घरात आणली मीच!

तर झालं असं. मागच्या वर्षी मी एलेना फेरांतेची ती चार पुस्तकं एका दमात वाचली. २०११ ते २०१४ या काळात इटालियनमध्ये आलेली ही मालिका. नेपल्सच्या एका गरीब वस्तीतल्या लीला आणि लेनू या दोघी, बाहुल्या खेळण्यापासून थेट साठी उलटेपर्यंत. २०२४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लेखक-समीक्षकांना या शतकातली उत्तम पुस्तकं विचारली, तेव्हा यातलं पहिलं पुस्तक यादीत पहिलं आलं. मी भारावून ऑफिसात सगळ्यांना वाचायला लावलं. एका मित्राने पन्नास पानांत हात टेकले, "यार, माणसं लक्षात ठेवायला एक्सेल शीट लागेल." एक जण रात्री दोनला मेसेज करून रडली. आणि माझ्याच टीममधली एक कँटीनमध्ये म्हणाली, "ही मैत्री नाहीच. प्युअर टॉक्सिक. लीला हिला सतत टोचते, ही तिच्यावर सतत जळते. ब्लॉक करायचं आणि मोकळं व्हायचं!"

मी तावातावाने वाद घातला. म्हटलं, अगं, दोघींपैकी एकीलाच पुढे शिकायला मिळतं, दुसरीच्या घरचे पैसे द्यायला तयार नाहीत, तिथे जळणं आलंच. पण आमचा चहा निवला आणि मीटिंगची वेळ झाली.

घरी आईला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "इंग्रजी नको बाई, मराठीत दे." मराठीत काय द्यायचं? नवरा-बायकोच्या कादंबऱ्या चिक्कार, सासू-सुनांच्या त्याहून. दोन मैत्रिणी मध्यभागी असलेली कुठली? शोधता शोधता शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' सापडली. १९९० सालची कादंबरी. तिला वि. स. खांडेकर पुरस्कार मिळाला, १९९५ साली लेखिकेने स्वतःच ती इंग्रजीत नेली, आणि २००९ साली त्यांच्या कन्या रेणुका शहाणे यांनी तिच्यावर 'रीटा' हा सिनेमा केला. पल्लवी जोशी त्यात रीटा आहे. गोष्ट थोडक्यात सांगायची तर रीटा ही घरातली थोरली मुलगी. कोवळ्या वयात घराचा भार तिच्यावर येतो. ऑफिसमधल्या साळवी नावाच्या विवाहित साहेबावर तिचा जीव जडतो, आणि ते नातं वर्षानुवर्षं लपूनछपून चालतं. एक दिवस रीटा मनाने पार कोसळते. त्या सगळ्यात तिच्याबरोबर असते ती सरस्वती, तिची मैत्रीण.

आईने तीन दिवसांत पुस्तक संपवलं आणि चौथ्या दिवशी कुणाबरोबर तरी खोपोलीला धाडलं. त्यानंतर फोनवर जे सुरू झालं ते महिनाभर चाललं.

मध्ये आमच्या काकूनेही वाचायला घेतलं होतं. तिसाव्या पानावर मिटलं. "लग्न झालेल्या माणसाच्या नादी लागली, मग दुसरं काय होणार?" काकूचं वाचन संपलं. तिच्या लेखी ही मैत्रीची गोष्टच नव्हती, वळण नसलेल्या मुलीची होती.

आईचा राग वेगळाच. साळवीबद्दल तिला फारसं काही वाटलं नव्हतं. "पुरुषच तो," म्हणून तिने त्याला निकालात काढलं. तिचा राग पुस्तकाच्या नावावर होता. "रीटाचं दुखणं, रीटाचं प्रेम, नावसुद्धा रीटाचं. आणि ती सरस्वती? उशाशी बसली तिचं नाव कव्हरवर नको?"

मावशी फोनवर म्हणायची, "तुला पुस्तक कळलंच नाही."

हे वाक्य आईला भयंकर लागलं. मला वाटलं, अरे, कादंबरीवरून इतकं? मग आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुला आठवत नसेल. दोन वर्षांची होतीस."

मावशीला दुसरं मूल झालं त्यानंतरची गोष्ट. ती बोलेनाशी झाली, जेवेना, बाळाला घेईना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आज डॉक्टर याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणतात आणि त्यावर उपचार असतात, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा घरातले म्हणाले नाटकं आहेत, शेजारचे म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे. आईने भांडून तिला डॉक्टरकडे नेलं. आणि आठ महिने दर गुरुवारी आई मला कडेवर घेऊन खोपोलीच्या गाडीत बसायची. मावशीची वेणी घालायची, दोन घास भरवायची, बाळाला न्हाऊ घालायची, संध्याकाळच्या गाडीने परत. मावशी हळूहळू बरी झाली. आणि त्या आठ महिन्यांबद्दल पुढच्या पंचवीसेक वर्षांत एक अक्षर बोलली नाही.

"आभार नको होते मला," आई म्हणाली. "पण तिला ठाऊक तरी आहे का मी येत होते ते?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई सरस्वतीची फिर्याद मांडत नव्हती, स्वतःची मांडत होती.

आणखी एक जुनी गोष्ट आठवली. दादाच्या लग्नाच्या पत्रिकेत मावशीचं नाव हवं म्हणून आई अडून बसली होती. काकांनी सरळ विचारलं, "नातं काय लिहायचं?" आत्या, मामी, चुलत, मावस, सगळ्यांना खण होते. मैत्रिणीला खण नव्हता. शेवटी 'स्नेहांकित' खाली, छापखान्याच्या फोन नंबराच्या जरा वर, तिचं नाव आलं. जात्यावरच्या ओव्यांत सई आहे, गडणी आहे. पण कागदावर ती कुठेच नाही. नात्यात कुणी कुणाचं काय करायचं हे ठरलेलं असतं, निदान चुकलं तर बोलता येतं. मैत्रिणीने काय करायचं, केलं तर काय म्हणायचं, नाही केलं तर कुणाकडे तक्रार न्यायची? काहीच ठरलेलं नाही. म्हणून मला वाटतं, अशी कादंबरी हातात आली की प्रत्येक जण आपली जुनी वही उघडून बसतो. माझी कलीग म्हणते हे फार वाईट वागणं झालं. आई म्हणते हे फार चांगलं वागणं झालं आणि त्याची नोंद नाही. पुस्तकं दोन, तक्रारी उलट्या, पण दोघीही हिशोबच मागतायत.

तर शनिवारी आम्ही खोपोलीला पोचलो. पाऊस नुसता कोसळत होता. मावशीने चहा टाकला, कांदाभजी तळली. पुस्तक टीव्हीजवळ ठेवलेलं. मी चाळून पाहिलं. आईच्या पेन्सिलच्या खुणा पट्टी लावून मारल्यासारख्या, मावशीच्या नुसत्या बारीक टिकल्या. आईच्या सगळ्या खुणा सरस्वती जिथे आहे तिथे. मावशीच्या, रीटा आजारी आहे तिथे.

भजी संपली तरी कुणी विषय काढेना. मग मावशीच म्हणाली, "तू ते पुस्तक खुर्चीत बसून वाचलंस. मी पलंगावरून वाचलं. आपल्या आत काय चाललंय ते आपल्यालाच सांगता येत नाही, ते कुणीतरी लिहिलंय, हे बघून मला किती बरं वाटलं ते तुला नाही कळायचं."

आई गप्प.

"तू गुरुवारी यायचीस," मावशी म्हणाली. "अकराच्या सुमाराची गाडी. मी साडेदहापासून जिन्याकडे कान लावून असायचे. चपला काढल्याचा आवाज आला की मग डोळे मिटून घ्यायचे."

"मला वाटायचं तुझं लक्षच नसतं."

"एका गुरुवारी आली नाहीस."

"हिला गोवर आला होता," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते नंतर कळलं. त्या दिवशी मी पाणीसुद्धा प्यायले नाही."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? डॉक्टरांचे आभार मानले, पेढे दिले. तुझे मानले असते तर तू पाहुणी झाली असतीस."

आई कपबश्या उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मावशीने मला विचारलं, "त्या तुझ्या इटलीच्या पुस्तकाचं नाव काय गं?" मी सांगितलं, 'माझी हुशार मैत्रीण' असं काहीसं. ती म्हणाली, "म्हणजे कोण हुशार?" मी म्हटलं, मजा तीच आहे. वाचताना आपण धरून चालतो की लीला हुशार, लेनू तिचं कौतुक सांगतेय. आणि मग ऐन लग्नाच्या दिवशी लीलाच लेनूला तसं म्हणते. नाव दोघींना लागू पडतं.

"बघ," आतून आईचा आवाज, "त्यांना जमलं ना दोघींना बसवायला!"

थोडक्यात, आईचं मत बदललेलं नाही. कव्हरवर दोन नावं हवी होती, यावर ती ठाम आहे. मावशीच्या मते तिला अजूनही पुस्तक कळलेलं नाही. पुस्तक आम्ही परत आणलंच नाही, मावशी पुन्हा वाचणार आहे. मग आई पुन्हा वाचणार आहे.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी डुलक्या घेत होती आणि मी फोनमधलं एक नाव बघत होते. हॉस्टेलची रूममेट. चार वर्षं एका खोलीत, एका मॅगीत दोघी. दीड वर्षापूर्वी माझ्या वाईट दिवसांत तिने साधा फोन केला नाही, म्हणून मीही सोडून दिलं. कँटीनमध्ये मी 'टॉक्सिक' या शब्दावर एवढं भाषण ठोकलं, पण मनात हिच्यावर तेच लेबल कधीच चिकटवलं होतं. ती तेव्हा कुठल्या पलंगावर होती, हे मी विचारलंच नव्हतं.

पळसदरीला गाडी थांबली तेव्हा फोन लावला. पूर्ण रिंग गेली. उचलला नाही.

असो. रात्री पुन्हा लावेन.