त्या घरच्या बाईला बसू द्या

अलिबागला तुम्ही नक्कीच जाऊन आला असाल. गेटवेवरून लाँचने मांडवा, पुढे बस, कुलाबा किल्ला, किनाऱ्यावरची भेळ, की परत घरी! पण पुढच्या खेपेला वाट थोडी वाकडी करा आणि अलिबागच्या उत्तरेला असलेल्या नवगावला जाऊन या.

बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथल्या समुद्रात फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं त्यांनी नवगावला पुरली. परक्या किनाऱ्यावर पाऊल टाकल्यावर पहिलं काम काय, तर आपल्या माणसांना मूठमाती!

मी गेले ती आमच्या शेजारच्या बेने इस्रायल बाईंबरोबर. वय ऐंशीच्या घरात. बसमध्ये एका मुलानं उठून त्यांना जागा दिली, तेव्हा म्हणाल्या, "आमच्या धर्मात हा नियमच आहे. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहायचं."

नवगावच्या दफनभूमीत आता स्मारक आहे. बाईंनी वाकून एक खडा उचलला आणि तिथं ठेवला. "फुलं सुकून जातात गं. खडा राहतो. कुणीतरी येऊन गेलं, एवढं कळतं."

मग सावलीत बसून त्या सांगत होत्या. माणूस गेलं की दफन शक्य तितक्या लवकर. कफन साध्या पांढऱ्या कापडाचं, श्रीमंताला आणि गरिबाला सारखंच. त्यानंतर जवळच्यांनी सात दिवस घरात बसायचं, तेही खाली जमिनीवर. याला शिवा म्हणतात. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात उकडलेली अंडी नाहीतर मसूर, म्हणजे गोल वस्तू, जन्ममरणाच्या चाकासारख्या. भेटायला येणाऱ्यानं आपण होऊन बोलायचं नाही. घरचं माणूस बोललं तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. आई-वडिलांसाठी अकरा महिने कद्दिश म्हणतात. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती. पण रिवाजाप्रमाणे तिला दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता कोकणात दहा जण जमवणं सोपं नाही.

ऐकता ऐकता मला माझी आई आठवली. ती गेली तेव्हा आमच्याही घरी चूल पेटली नव्हती, शेजारणींनीच पिठलं-भात आणला होता. पण तिसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली आणि मी स्वयंपाकघरात. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला अर्धाच कप. शिवाय "शेवटी झालं तरी काय?" हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी कपबशा मोजून ठेवल्या आणि ध्यानात आलं, आपण रडलोच नाही!

हे मी बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याजवळ नुसत्या बसून राहिल्या, बराच वेळ.

मैत्रिणींनो, नवगावला जमेल तेव्हा जा. अलिबागच्या इस्रायल आळीतलं १८४८ सालचं सिनेगॉगही पाहा. पण दुःखाच्या घरी जायची वेळ आली, तर डबा घेऊन जा. चहा तुम्ही करा, कपबशाही तुम्हीच विसळा. आणि त्या घरच्या बाईला बसू द्या.