रोवणीच्या आधीचं पत्र

तीर्थरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

मिरग तोंडावर आला. पऱ्हे टाकले की पाठोपाठ रोवणी, म्हणजे बायामाणसं दिवसभर बांधीतल्या चिखलात, अंधारात धुऱ्यावरून अनवाणी, आणि रात्री दमून खालीच अंथरूण टाकून झोपलेली. साप चावलेली माणसं तुमच्या ओसरीवर याच दिवसांत येतात, म्हणून हे आताच लिहितो.

तुमच्या झाडपाल्याशी माझं भांडण नाही. पॅथी कोणती, हे मी नंतर विचारीन. आधी विचारीन ते हे: औषध लागू पडलं नाही असं कळेल, तेव्हा माघारी फिरायला वेळ उरलेला असेल का? गुडघा दुखत असेल, जुना खोकला असेल तर वेळ उरतो. माणूस आठ दिवसांनी डॉक्टरकडे गेला तरी फारसं बिघडत नाही. मण्यारीच्या दंशात तो उरत नाही. तिचा चावा बहुधा दुखत नाही, सुजत नाही. झोपेत चावते, पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. तिचं विष नसांच्या टोकांवर घाव घालतं. रक्तात फिरणारं विष दवाखान्यातली सर्पदंशावरची लस निष्प्रभ करते, पण झालेला घाव ती भरून काढू शकत नाही. मग नसा पुन्हा जागेवर येईपर्यंत, कधी कित्येक दिवस, यंत्रानेच श्वास द्यावा लागतो. तेवढा काळ निभावला तर तोच माणूस चालत घरी येतो. हे काम कोणत्याही मुळीला जमणारं नाही, आणि मंत्रालाही नाही.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे आलेले शंभरातले बहुतेक उठून घरी गेले. मला ते खरंच वाटतं. धामण, दिवड, कवड्या या बिनविषारीच. नाग किंवा घोणस, जिला आपण परडही म्हणतो, चावली तरी दर वेळी विष सोडतेच असं नाही. म्हणजे ही माणसं काहीही न करता उठली असती. दवाखान्यातही अशी माणसं येतात. त्यांना लस न देता चोवीस तास नजरेखाली ठेवतात आणि घरी पाठवतात. फक्त डॉक्टर ते यश स्वतःच्या खात्यावर मांडत नाही. विष भिनलं की नाही हे ओळखायची तिथली एक रीत इतकी साधी आहे की तुम्हालाही आवडेल. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती एकदा तिरपी करून बघायची. रक्त थिजलं नसेल तर परडीसारख्या सापाचं विष आत गेलंय. नाग-मण्यारीत रक्त थिजतंच, तिथे पापण्या आणि श्वास बघतात. साप मारून आणायची गरज पडत नाही. कडू पाला गोड लागतो का, मिरची तिखट लागते का, या आपल्याकडच्या परीक्षेपुढे ही नळी ठेवा आणि तुम्हीच ठरवा.

दवाखान्यातही माणसं मरतात, लसही काहींना सोसत नाही, हा दुसरा आक्षेप. लस घोड्याच्या रक्तातून बनते. ती देताना कुणाच्या अंगावर पित्त उठतं, क्वचित श्वास कोंडतो. म्हणूनच ती अॅड्रेनलिन हाताशी ठेवून देतात, घरी टोचत नाहीत. आणि मरणांचा हिशेब असा, की 2001 ते 2003 मधल्या मृत्यूंची देशभर पाहणी झाली, तेव्हा सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी दवाखान्यात झालेले फक्त 23 टक्के निघाले. बाकीचे घरी, वाटेत, कुणाच्या तरी ओसरीवर.

डॉक्टरांना तरी कुठे सगळं कळतं, हेही खरं. कोकणात लाल विंचवाने माणसं पटापट दगावायची आणि डॉक्टरांकडे उतारा नव्हता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून पाहिलं, कोण वाचलं आणि कोण गेलं हे दोन्ही लिहून ठेवलं, आणि 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. तुमच्या ओसरीवर गेलेल्यांची वही आहे का, मामाजी? टोचून बोलायचं म्हणून विचारत नाही. ती वही नसेल तर औषध चालतं की नाही हे तुम्हालाही कधी कळणार नाही.

माघार घेण्यात कमीपणा तर मुळीच नाही. चरकाने रोगांचे साध्य आणि असाध्य असे भेद केले, आणि गुल्म पिकला की तो शस्त्रकर्म जाणणाऱ्या धन्वंतरी-परंपरेच्या हवाली केला. ज्याच्या नावाने आपण औषध देतो, त्याने स्वतःची हद्द आखून ठेवली होती. कावीळही याच हिशेबात बसते. पुष्कळशी आपोआप उतरते, म्हणून माळ घालणाऱ्याला यश येतं. पण गरोदर बाई असेल, रोगी झापडल्यासारखा पडून असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर वाट पाहू नये. आपल्या पूर्व विदर्भात पोराचे डोळे पिवळे दिसले तर ते सिकलसेलही असू शकतं, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

राहिली 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची धास्ती. तो कायदा गावात सांगतात त्याहून वेगळा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा धरला आहे. त्याचा रोख अडवण्यावर आहे. आणि लोक तुमच्याकडे येतात ते निव्वळ अडाणीपणाने, असं मी मानत नाही. रात्री दोनला तुमचं दार उघडतं, तुम्ही पैसे मागत नाही, आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजपेक्षा तुमची ओसरी जवळ आहे. म्हणूनच तुमच्या तोंडून ‘आधी गाडी बोलवा’ असं आलं तर ते ऐकतील, आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या पाटीचं ऐकणार नाहीत.

तेव्हा यंदा एवढं करा. कुणी आलं की आधी 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत करकचून दोरी बांधू देऊ नका, चिरा मारू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता त्याला पडून राहू द्या. डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोललात तर त्याचा जीव थाऱ्यावर येईल, ते जरूर बोला. आणि सोबत एक चिठ्ठी द्या: किती वाजता चावलं, आणि तुमच्याकडे येण्याआधी कुणी काय पाजलं किंवा लावलं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा