तापलेला राउटर आणि तापलेली खोली

उन्हाळा सुरू झाला की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. बीपी तपासून होतं, गोळ्या लिहून होतात आणि पेशंट उठता उठता विचारतात, "डॉक्टर, घरातला वायफायचा डबा हल्ली फार गरम होतो. रेडिएशन वाढतं का हो त्याने? रात्री उशाशीच असतो." प्रश्न डब्याचा असला तरी काळजी तब्येतीची असते. म्हणून आज त्यावरच लिहितो.

गरम होणं म्हणजे रेडिएशन वाढणं नव्हे

घरगुती राउटरला साधारण ५ ते १५ वॅट वीज लागते. त्यातला अगदी थोडा भाग, म्हणजे वॅटचा दहावा हिस्सा वगैरे, रेडिओ लहरी होऊन बाहेर पडतो. बाकी जवळजवळ सगळ्या विजेची आतल्या चिपमध्ये आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये उष्णता होते. हाताला जाणवते ती हीच. डबा तापला म्हणून लहरी वाढत नाहीत. उलट, फार तापलेली चिप स्वतःचा वेग कमी करते किंवा बंद पडून पुन्हा सुरू होते.

या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. पेशीतले रेणू फोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं, हे खरं आहे. पण तो निर्णय मुख्यतः कानाला मोबाईल लावून बोलण्याबद्दलच्या अभ्यासांवर आधारलेला होता आणि पुरावा मर्यादित असल्याचं त्याच संस्थेने नमूद केलं होतं. राउटर दोन मीटर लांब असला तर लहरींची तीव्रता खूपच कमी होते. तो उशाशी नको असं मीही सांगतो, पण माझं कारण वेगळं आहे. गरम अ‍ॅडॉप्टर आणि कापसाची गादी शेजारी शेजारी नसावीत, इतकंच.

माणूस राउटरपेक्षा जास्त तापतो

निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे राउटरच्या कितीतरी पट. तरी आपण तापत नाही, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकतात आणि घाम सुकताना ती सोबत नेतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे ३५ अंशांच्या वर गेली, की पहिला मार्ग जवळपास बंद होतो आणि सगळी भिस्त घामावर येते. राउटरकडे घाम नाही, फक्त बाजूच्या फटी आहेत. म्हणून बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश ही मर्यादा छापलेली असते.

नाशिक थंड, असा आपला एक समज आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात वाचून तो पक्काही होतो. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्याचं तर विचारूच नका.

आमच्या घरी राउटर वरच्या खोलीत होता. आईची खोली तीच. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात लघवी वाढवणारी एक. एप्रिलमध्ये रोज दुपारी दोन ते पाच इंटरनेट बंद पडू लागलं. तपासायला आलेल्या मुलाने डब्याला हात लावला, वर छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डबा चांगला आहे. याला ऊन लागतंय." त्याने राउटर खाली हॉलमध्ये आणला आणि प्रश्न मिटला.

मला मात्र ते वाक्य चैन पडू देईना. भिंतीवरचं थर्मामीटर वर नेलं. दुपारी तीन वाजता ३९ अंश, तर खाली ३३. आई पलंगावर पेंगत होती. शेजारचा तांब्या सकाळी भरलेला, तसाच. "तहानच लागत नाही रे," म्हणाली. यंत्राने बंद पडून तक्रार केली होती, आईने काहीच केली नव्हती. त्या दिवसापासून आईची दुपार खालच्या हॉलमध्ये जाते.

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. लघवी वाढवणाऱ्या, बीपीच्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या त्यात भर घालतात. अशा गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवा.

ताप वेगळा, ऊन लागणं वेगळं

तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो. पॅरासिटामॉल मेंदूवर काम करतं, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात मेंदूने तसं काही ठरवलेलं नसतं. उष्णता बाहेर पडायला वाट नसते, एवढंच. तिथे गोळी चालत नाही, शरीर थंडच करावं लागतं. त्यासाठी पारा ४५ व्हावा लागतो असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात डझनभराहून अधिक माणसं उन्हाने दगावली, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं.

डब्यासाठी काय कराल?

१. राउटर कपाटात, टीव्हीमागे, फ्रिजवर किंवा माळ्यावर नको. भोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. वर क्रोशाचा रुमाल नको.
२. महिन्यातून एकदा बंद करून फटींतली धूळ कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं किंवा बर्फ कधीही नाही.
३. कोमट लागणं नेहमीचं आहे. हात ठेवता येत नसेल, जळका वास येत असेल किंवा अ‍ॅडॉप्टर काळवंडला असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करा. नवा अ‍ॅडॉप्टर तेवढ्याच व्होल्टचा घ्या. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील.
४. लाइट जाते म्हणून लावलेल्या छोट्या यूपीएसची बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नका.

माणसांसाठी काय कराल?

१. दुपारी १२ ते ४ घरातल्या वयस्करांना सर्वांत थंड खोलीत बसवा. दिवसा पडदे ओढा, संध्याकाळी वारा सुटला की खिडक्या उघडा.
२. तहानेची वाट न पाहता तासातासाने पाणी, ताक, सरबत द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.
३. खोली ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. अंग ओल्या कापडाने पुसत राहा.
४. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

भिंतीवरचं साधं थर्मामीटर फार महाग नसतं. उद्या दुपारी तीन वाजता ते आजी-आजोबांच्या खोलीत टांगा आणि अर्ध्या तासाने आकडा वाचा. ३५ च्या वर असेल, तर त्यांची दुपारची जागा उद्याच बदला.