पेंड कुणाची?

आमच्या जामखेडकडे घाण्याचा एक अलिखित कायदा आहे. करडई तुमची, तर तेल तुमचे आणि पेंडही तुमचीच. घाणेवाल्याने मूठभर पेंड लांबवली, तर भर बाजारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आमच्या हिने तर शिंप्याकडून चिंध्यासुद्धा मोजून आणल्या आहेत.

अणुभट्टीच्या जळक्या इंधनाचेही असेच घाणे असतात, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. फ्रान्समध्ये ला हाग, इंग्लंडात २०२२ पर्यंत सेलाफिल्ड. जपान, जर्मनी ही तिथली गिऱ्हाइके होती. जळक्या इंधनातून शंभरात सुमारे ९५ भाग युरेनियम आणि एक भाग प्लुटोनियम निघते. हे झाले तेल. उरलेले तीन-चार भाग पेंड. पण ही पेंड म्हशीला घालता येत नाही आणि तिच्याजवळ उभेही राहता येत नाही. सबब, गिऱ्हाईक तेलाची चौकशी करते, पेंडीचे नाव काढत नाही!

घाणेवालेही बेरकी. इंग्रजांनी १९७६ पासूनच्या करारांत परतीचे कलम घातले. फ्रान्सने १९९१ मध्ये कायदाच केला, की परक्याचा कचरा इथे कायमचा राहणार नाही. मग तो काचेत ओतून, पोलादी डब्यांत भरून १९९५ मध्ये ‘पॅसिफिक पिनटेल’ जहाजाने जपानला निघाला. दोन महिन्यांची वरात, पण दारात कुणी उभे करीना. चिलीने तर आपल्या हद्दीतून हाकलले. इंग्रजांनी पुढे आणखी एक शक्कल काढली. सौम्य पण ढीगभर कचरा स्वतःकडे ठेवायचा आणि तेवढ्याच किरणोत्साराचा थोडासा जहाल कचरा जादा परत द्यायचा. वाण्याने चिल्लर ठेवून घेऊन नोट हातात टेकवावी, तसे.

आता आपले तारापूर. अमेरिकेशी करार १९६३ चा, वीज १९६९ ची, इंधन अमेरिकेचे. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि १९८२ नंतर फ्रान्सचे इंधन आले. पण जळक्या इंधनाचे काय? अमेरिका ते नेईना आणि घाण्यात घालायला होही म्हणेना. रुसलेल्या सासऱ्याने आंदण दिलेली म्हैस परतही न्यायची नाही आणि दूधही काढू द्यायचे नाही, त्यातला प्रकार. १९९३ मध्ये करार संपला. म्हैस आमच्याच गोठ्यात!

यातली काही द्रव्ये तीस वर्षांत निम्मी होतात, काहींना हजारो वर्षे लागतात. विजेचे बिल आपण महिन्याच्या महिन्याला भरतो. राखणीचे बिल मात्र न जन्मलेल्या पणतवंडांच्या नावे फाडलेले आहे.

मी हे सारे हिला समजावून सांगितले. ती म्हणाली, “ज्याची पेंड त्यानं न्यावी. त्याला करार कशाला हवा?”

मी म्हटले, “अगं, तारापूरच्या विजेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. म्हणजे थोडी पेंड आपलीही.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, उठली आणि पडवीतला दिवा मालवला.