पुरेशी गोळी

तलवारीची लांबी हातात मोजत, भाला माणसाच्या उंचीशी ताडून पाहत. पिस्तुलाचे मुख्य माप मात्र त्याच्या देहावरून ठरत नाही. ते त्याच्या पोकळीवरून ठरते. नळीच्या आत जी रिकामी जागा असते तिचा व्यास म्हणजे पिस्तुलाचे कॅलिबर. भारतातल्या परवानाधारकांच्या बोलीत ‘बोअर’. वस्तूची ओळख तिच्यातल्या रिकाम्या जागेवरून व्हावी, हे घागरीच्या किंवा मापट्याच्या बाबतीत स्वाभाविकच वाटते. कारण ती पोकळी भरण्यासाठी असते. पिस्तुलाची पोकळी मात्र रिती होण्यासाठी असते, आणि तिचे माप अखेर दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरावर उमटायचे असते.

हे माप किती असावे, हा प्रश्न जगातल्या बहुतेक देशांत सामान्य नागरिकापुढे येतच नाही. अमेरिकेत तो रोजचा आहे. फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये असा कायदा केला की, ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या प्रौढास छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना नाकारता येऊ नये. पुढे एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त अधिकार मानला, आणि आता अर्ध्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. त्यामुळे शाळेतला शिक्षक, रात्रपाळीची परिचारिका, पेट्रोलपंपाचा मालक असा कोणीही एखाद्या दिवशी दुकानातल्या काचेच्या कपाटापुढे उभा राहतो आणि सदऱ्याखाली दडेल असे लहान पिस्तूल मागतो. दुकानदार त्याला प्रथम विचारतो ते कॅलिबर.

त्याच्यापुढे ठेवली जाणारी काडतुसे साधारणपणे चार. ०.३२ इंचाच्या काडतुसाची गोळी पाच ग्रॅमहूनही हलकी. तिची ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. ०.३८० ची गोळी सहा ग्रॅमची, ऊर्जा अडीचशे ज्यूलच्या घरात. नऊ मिलिमीटरची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची, पण वेगवान. तिची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या जवळ जाते. ०.४५ ची गोळी चांगली पंधरा ग्रॅमची, जड आणि संथ. तरीही तिची ऊर्जा नऊ मिलिमीटरच्या गोळीएवढीच. लहान पिस्तुलाची नळी जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांब असते. दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास तेथे पुरता अवकाश मिळत नाही, म्हणून हे सारे आकडे आणखी खाली येतात. एक गोष्ट तर नवख्याला चक्रावून टाकते. ०.३८० आणि नऊ मिलिमीटर या दोन्ही गोळ्यांचा व्यास एकच आहे. फरक आहे तो काडतुसाच्या कवचाच्या लांबीत, आणि तोही दोन मिलिमीटरचा. म्हणूनच जर्मन भाषेत पहिल्याला ‘कुर्त्स’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘कोर्तो’. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: आखूड.

यांपैकी तीन काडतुसे एकाच माणसाच्या हातची आहेत. युटा राज्यातील ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने ०.३२ चे काडतूस १८९९ च्या सुमारास, ०.४५ चे १९०४-०५ मध्ये आणि ०.३८० चे १९०८ मध्ये सिद्ध केले. नऊ मिलिमीटरचे काडतूस त्याच काळात जर्मनीत गेओर्ग लुगरने घडवले. त्याला मिळालेले ‘पॅराबेलम’ हे नाव एका लॅटिन वचनातून आले असून, शांतता हवी असेल त्याने युद्धाची तयारी ठेवावी, असे ते वचन सांगते. म्हणजे १९०८ पर्यंत हे सारे पर्याय तयार झाले होते. त्यानंतरच्या शतकभरात माणसे भांडत राहिली ती यांतले ‘पुरेसे’ कोणते, एवढ्याच एका शब्दावरून.

पुरेसे कशाला, याचे उत्तर शोधण्याची पहिली मोठी खटपट लष्करी होती. फिलिपीन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना ०.३८ च्या रिव्हॉल्वरची गोळी लागूनही माणूस चालून येतो, अशी तक्रार अमेरिकी सैनिक करीत. १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन हा लष्करी अधिकारी आणि लुई लागार्ड हा शल्यचिकित्सक यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील जिवंत गुराढोरांवर आणि मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि सैनिकाचे पिस्तूल ०.४५ पेक्षा लहान असू नये असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षातून आलेले १९११ चे पिस्तूल अमेरिकी सैन्याने सत्तराहून अधिक वर्षे वापरले. ते कमरेला उघडे लटकवायचे शस्त्र होते. लपविण्याचा प्रश्नच तेथे नव्हता.

दुसरा धडा मायामी शहरात ११ एप्रिल १९८६ रोजी मिळाला. एफबीआयच्या पथकाने दोन सशस्त्र दरोडेखोरांची मोटार अडवली. चकमकीच्या आरंभीच एकाच्या दंडातून छातीत नऊ मिलिमीटरची गोळी शिरली. ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. जखम प्राणघातकच होती, पण त्या माणसाला मरायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याने दोन अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. पाच अधिकारी जखमी झाले. गोळी हृदयापर्यंत पोहोचली नाही, हा दोष काडतुसाचा ठरला. मग अधिक जड काडतुसे आली. १९९० मध्ये खास ०.४० चे नवे कॅलिबर जन्मले आणि पोलीस दलांत पसरले. २०१५ च्या आसपास तीच एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली. मधल्या काळात गोळ्यांची घडण सुधारली होती. शिवाय धक्का सौम्य असेल तर नेम लवकर साधतो आणि पिस्तुलात गोळ्याही अधिक मावतात, हे ध्यानात आले होते. तीस वर्षांच्या या प्रदक्षिणेनंतर हाती आले ते मूळचेच माप.

या काळातले सर्वांत प्रांजळ कागद १९८९ चे आहेत. एफबीआयच्या त्या अहवालाने सांगून टाकले की, पिस्तुलाची गोळी माणसाला मागे फेकत नाही. चित्रपटांत दिसते ते खोटे आहे. मेंदू अथवा मज्जारज्जूचा वरचा भाग फुटला तरच माणूस तत्क्षणी कोसळतो; एरवी रक्त वाहून जाण्याची वाट पाहावी लागते. हृदय पार उद्ध्वस्त झाले तरी मेंदूत उरलेला प्राणवायू दहा ते पंधरा सेकंद हालचालीला पुरतो. तेव्हापासून कसोटी ठरली ती खोलीची. माणसाच्या स्नायूंशी मिळत्याजुळत्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच शिरावी, मात्र १८ इंचांपलीकडे जाऊ नये. कारण आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला ओळखत नाही.

या कसोटीला उतरण्यासाठी आजची गोळी टोकाला पोकळ ठेवतात. शरीरात शिरताच ती फुलते आणि रुंद वाट करते. या कल्पनेचा एक धागा कलकत्त्याजवळच्या दमदमला जातो. १८९० नंतरच्या दशकात तेथील दारूगोळा कारखान्यात वायव्य सरहद्दीवरच्या लढायांसाठी टोक उघडे ठेवलेली, फुलणारी रायफलची गोळी तयार झाली, आणि ‘दमदम’ हे गावाचे नाव जगभर गोळीचे नाव झाले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशी गोळी वापरण्यास मनाई केली. रणांगणावर शत्रूसाठी जी क्रूर ठरली, तीच आज शहरात नागरिकाच्या खिशात जबाबदारीची गोळी म्हणून सुचवली जाते. त्यामागे तर्क आहे: फुलणारी गोळी शरीरातच थांबते. पण ०.३८० सारख्या अशक्त काडतुसाची अडचण येथेच येते. त्याची गोळी फुलली तर खोल जात नाही, आणि खोल गेली तर फुलत नाही. म्हणून जाणकार त्याला ‘काठावरचे’ म्हणतात, आणि शिक्षकाला नऊ मिलिमीटर घेण्याचा सल्ला देतात.

सल्ला शास्त्राला धरूनच असतो. पण शस्त्र लपवायचे म्हटले की शास्त्राला कापडाशी तडजोड करावी लागते. मोठे पिस्तूल सदऱ्याखाली फुगवटा आणते, बसताना कमरेला टोचते, उन्हाळ्यात घामाने नको होते. चार दिवस ते बरोबर जाते, पाचव्या दिवशी कपाटात राहते. हलके पिस्तूल मात्र हाताला फार झोंबते, कारण गोळीचा धक्का शोषून घ्यायला त्याच्यापाशी वजनच नसते. पाचशे ग्रॅमच्या पिस्तुलातून ०.४५ झाडणारा पहिल्या गोळीनंतर डोळे मिटतो. दुसरी कुठे जाते ते त्यालाही कळत नाही. २०१८ नंतर सुमारे अर्ध्या किलो वजनात नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या सामावणारी पिस्तुले आली आणि हा वाद पुष्कळसा मिटला. तरीही ज्याची बोटे संधिवाताने वाकली आहेत, जिला पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढवत नाही, त्यांच्यासाठी ०.३८० उरतेच. काडतुसाची योग्यता अशा रीतीने हाताच्या ताकदीवर येऊन ठेपते.

या निवडीत प्रतिष्ठेचाही अंश असतो. इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडकडे आरंभी ०.२५ चे चिमुकले बेरेट्टा होते. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकार वाचकाने लेखकाला पत्र लिहून, हे बायकी पिस्तूल नायकाला शोभत नाही, असे कळवले. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ या कादंबरीत बाँडच्या हाती ०.३२ चे वॉल्थर आले, आणि त्याला ते सोपविणाऱ्या पात्राला फ्लेमिंगने त्या वाचकाचेच आडनाव दिले. पुरुषार्थाची ही वाढ दोन मिलिमीटरहूनही कमी होती.

एवढे सारे ऐकल्यावर ‘काठावरच्या’ त्या आखूड काडतुसाचा इतिहास पाहावा. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिंसिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगच्याच रचनेचे, बेल्जियममध्ये घडलेले, कॅलिबर ०.३८०. दोन्ही जीव गेले, आणि महिनाभरात युरोपात महायुद्ध पेटले. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेल्या महात्मा गांधींसमोर पुण्याचा नथुराम गोडसे आला, नमस्कारासाठी वाकला, आणि हाताच्या अंतरावरून त्याने तीन गोळ्या झाडल्या. ते इटालियन बनावटीचे १९३४ च्या नमुन्याचे बेरेट्टा होते. सुमारे पंधरा सेंटिमीटर लांब, अंगावरच्या कपड्यात सहज लपणारे. कॅलिबर नऊ मिलिमीटर कोर्तो, म्हणजे तेच ०.३८०. समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उपवासांनी झिजलेले शरीर होते. तेथे जिलेटिनची कसोटी लावण्याचे कोणाला कारण नव्हते.

जे काडतूस शिक्षकाला अपुरे म्हणून नाकारले जाते, ते या दोघांना पुरून उरले. याचे कारण गोळीत सापडत नाही. मारेकऱ्याने दिवस निवडलेला असतो, जागा निवडलेली असते, अंतर निवडलेले असते. समोरच्याला यांतले काहीच ठाऊक नसते. रक्षण करू पाहणाऱ्याच्या हाती यांपैकी एकही गोष्ट नसते. त्याचा क्षण दुसराच कोणी ठरवतो, आणि त्या क्षणी त्याला सदरा वर करून पिस्तूल काढायचे असते, समोरचा खरोखर वैरी आहे की वाट चुकलेला मुलगा, हे ओळखायचे असते, आणि थरथरत्या हाताने नेम साधायचा असतो. ही सारी उणीव तो काडतुसाच्या मोठेपणाने भरून काढू पाहतो. लपविलेले शस्त्र ज्याचा बेत आधी ठरलेला आहे त्याच्या बाजूचे असते. कॅलिबरचा वाद त्यामुळे फक्त रक्षकाला पडतो. मारेकऱ्याला तो पडत नाही.

आणखी एका माणसाला तो पडत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. रक्षणासाठी घेतलेले आणि खणात ठेवलेले पिस्तूल एखाद्या निराश रात्री घरातल्याच कुणाच्या तरी हाती लागते. तेथे अंतर उरत नाही, नेम चुकत नाही. त्या खोलीत प्रत्येक कॅलिबर पुरेसे असते.

भारतात ही निवड नागरिकाच्या वतीने कायद्याने करून टाकली आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांनुसार सरकारी दलांच्या नऊ मिलिमीटर काडतुसावर चालणारी शस्त्रे निषिद्ध बोअरची ठरतात. सामान्य परवानाधारकाला उरते ते मुख्यतः ‘बत्तीस बोअर’. ईशापूरच्या कारखान्याचे ‘अशनी’ हे पिस्तूल आणि कानपूरचे रिव्हॉल्वर याच मापाची आहेत. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ च्या आरंभी कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांना पर्समध्ये ठेवता येईल असे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात, नाव ‘निर्भीक’, आणि बोअर तेच बत्तीस. ज्या व्यासाने बाँडचे पौरुष सावरले होते, तोच येथे स्त्रीच्या संरक्षणासाठी पुढे करण्यात आला. पण बसथांब्यावर रात्री एकटीने उभी असलेली, रोजंदारीवर घरी परतणारी मुलगी सव्वा लाख कोठून आणणार, आणि परवान्यासाठी किती दिवस पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार, हे त्या पाचशे ग्रॅमच्या हिशेबात कोठेच धरलेले नव्हते. तिला हवी होती वेळेवर येणारी बस आणि उजेड असलेला रस्ता.